मोंटानाची थंडी

ग्रंथालयात एकवीस वर्षं काढल्यावर कोणाला काय वाचायला द्यावं हे मला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा समज होता. समोरच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी तो मोडीत काढला.

"मोंटानातली पुस्तकं आहेत का? अमेरिकेतलं ते राज्य."

मी हौसेने तिथली एक नावाजलेली कादंबरी काढून दिली. चार दिवसांत परत!

"तीनशे पानं नवरा-बायको भांडतायत. अंगात काय घातलंय, ते एका शब्दाने सांगत नाहीत."

"पुस्तकं काय कपडे बघायला वाचतात, काका?" मी फणकारले.

ते टेबलाला टेकले. "मुलगी असते तिथे. तिच्या लग्नाला मी गेलो नाही. सात वर्षं अबोला आहे. कोट शिवून पाठवीन म्हणतो. पण तिथे थंडी किती, हे विचारू कुणाला?"

मी परत आलेली कादंबरी बाजूला सारली.

मग नव्याने निवड केली. साहित्यिक गुण गेले चुलीत. मेंढपाळाच्या बायकोच्या आठवणी, एका पोस्टमनचं आत्मचरित्र, बर्फात अडकलेल्या मास्तरणीची कादंबरी. पानोपानी गारठा हवा. काका गळ्यात टेप अडकवून वाचायचे आणि वहीत टिपायचे: दुहेरी अस्तर, उंच कॉलर, खिसे आतून लोकरीचे.

कोट झाल्यावर मला दाखवायला आणला. देखणा होता, पण उचलताना हात भरून आला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी दिलेली सगळी पुस्तकं शंभर वर्षांपूर्वीच्या काळातली! आता तिथे गाडीतसुद्धा हीटर असणार. चूक माझीच, पण सांगायचा धीर झाला नाही.

"माप कुठून मिळालं?" एवढंच विचारलं.

"जुन्या वहीत होतं, लग्नाआधीचं. शिवणीत माया सोडलीय. घट्ट झाला तर कुठलाही टेलर उसवून सैल करील."

कोट गेला. दीड महिना काका रोज येऊन वर्तमानपत्र उलटसुलट करत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

काल त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मुलीचा मेसेज होता.

"बाबा, एवढा जड कोट इथे कुणीही घालत नाही. मी घालते. खांद्यात घट्ट होतोय, पण इथल्या टेलरला हात लावू देणार नाही. माप घ्यायला या."

मला रडूच आलं. काकांनी फोन खिशात ठेवला, चष्मा पुसला.

"तिथल्या उन्हाळ्याचं एखादं पुस्तक काढा," ते म्हणाले. "मी काय घालून जावं, ते बघायचंय."