कुणी मोजलं?

साळवेकर सर फाल्गुनात गेले आणि आम्ही ते संगणक केंद्राला कळवलंच नाही. कळवलं असतं तर त्यांचं खातं बंद झालं असतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांचं काम त्या एका खात्यावरून चालायचं. नव्या खात्याच्या अर्जावर तीन सह्या लागतात. त्या मिळेपर्यंत माणूस निवृत्त होतो. म्हणून सगळ्यांचं एकच नाव, एकच पासवर्ड. नारायण पेठेत सरांचं तेरावं झालं, पण केंद्राच्या दप्तरी ते ठणठणीत होते.

मी भवानी पेठेतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. फाइल लिहायचा एडिटर सुरू केला की खाली डाव्या कोपऱ्यात हिरव्या पट्टीत सरांचं नाव उमटायचं. याचा अर्थ मी तिकडे पोचले, हजारभर संगणक एकत्र जोडलेल्या त्या गारढोण खोलीत. फाइल तिकडची, हिशेब चालणार तिकडे, मी फक्त इथून टाइप करणार. विषय मुठेच्या पुराचा: धरणातून अमुक पाणी सुटलं तर कुठल्या वस्तीत किती वाजता शिरेल. तीन वर्षं घातली होती त्यात. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते.

आणि त्यात एक आकडा खोटा होता. धाकट्या पुलाची उंची, साडेसहा मीटर. मोजणीची वही मी रिक्षात विसरले आणि तो आकडा अंदाजाने भरून टाकला. पुलाखालच्या वस्तीत दोनशे घरं आहेत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लाज वाटायची, पण सांगायचं धाडस झालं नाही. न मोजलेला आकडा दिसला की सर फाइलमध्ये त्याच्या पुढे शेरा मारायचे: कुणी मोजलं? त्यापेक्षा कानाखाली वाजवलेली परवडायची. हा आकडा मात्र त्यांच्या नजरेला पडायच्या आधीच ते गेले.

मंगळवारी दुपारी फाइल उघडली, तर साडेसहाच्या पुढे लिहिलेलं होतं: कुणी मोजलं?

मी आमच्या इमादला फोन लावला. तो माझा ज्युनिअर.

"इमाद, असली मस्करी माझ्याशी करायची नाही."

"आपा, खुदा कसम, मी चार दिवस लॉगिनच केलेलं नाही. आणि पासवर्ड बदलला असं काल तुम्हीच म्हणालात, पण नवा मला सांगितलात कुठे?"

खरंच होतं. नवा पासवर्ड फक्त मला माहीत होता. मी शेरा पुसला. चहा ठेवला. परत आले तेव्हा पडद्यावर तीच अक्षरं पुन्हा उमटत होती, एकेक, मध्ये बराच वेळ थांबून. सर दोन बोटांनी टाइप करायचे. मी लॅपटॉप फाडकन मिटला.

पण मी भित्री असले तरी हट्टी आहे. तयार निकाल लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि केंद्राला कळवून टाकलं: खातेदार वारले आहेत, खातं बंद करा. खातं गेलं की शेरेही गेले. ज्या माणसाने मला काम शिकवलं, त्याला मी असं हाकलत होते.

केंद्राचं उत्तर आलं: नियमानुसार खातेदाराची संमती आवश्यक. त्यांना ईमेल पाठवला आहे.

मी तिथल्या कुसुमताईंना फोन केला. "अहो, ते वारले आहेत."

"वाचलं आम्ही. संमती आली की बंद करू."

मी हसत सुटले. चार मिनिटांनी केंद्राचा दुसरा ईमेल आला. संमती मिळाली, खातं बंद केलं. खाली खातेदाराचा शेरा: पूल मोजून या.

मी कपाटातून मोजणीची टेप काढली.

पूर्वी मोजणीला आम्ही दोघं जायचो. मी पुलावरून टेप सोडायची, सर नदीपात्रात उतरून तिचं टोक धरायचे. टोक दगडावर टेकलं की खालून दोन झटके द्यायचे. मग मी आकडा ओरडून सांगायची, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

बुधवारी सकाळी मी एकटीच पुलावर गेले. टेपच्या टोकाला घरचं कुलूप बांधलं आणि खाली सोडलं. वारा होता. टेप हेलकावे खात होती, काही केल्या आकडा लागेना. खाली पात्रात चिटपाखरू नव्हतं. नुसते दगड आणि जलपर्णी.

मग टेप हलायची थांबली. सरळ झाली, ताणली गेली.

दोन झटके बसले.

"पाच मीटर दहा!" मी ओरडले. बाजूने जाणारा स्कूटरवाला वळून बघायला लागला. टेप सैल पडली, आणि मी कठडा धरून लहान मुलीसारखी रडले.

नव्या खात्याच्या तीन सह्या मिळायला सहा महिने लागले. सगळे हिशेब पुन्हा चालवले. पाणी वस्तीत चाळीस मिनिटं आधी शिरतं. प्रबंध तेवढाच लांबला. फाइलमध्ये त्या आकड्यापुढे मी शेरा लिहिला आहे: दोघांनी मोजलं.

तो अजून कुणी पुसलेला नाही.