गडूला झालेली कावीळ

दर रविवारी पळस्पे फाट्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडसमोर एवढी गर्दी जमायची, की पनवेलहून येणाऱ्या रिक्षा अलीकडेच थांबवाव्या लागत. आत बळीराम महाराज कावीळ उतरवत. रोग्याचे हात ओल्या फडक्याने पुसायचे, त्यांवर चुन्याची निवळी ओतायची, की खालच्या परातीत पिवळंधमक पाणी. गर्दी पुटपुटायची, निघाली, निघाली. ही २०११ सालची गोष्ट. खारघरच्या टॉवरमधले इंजिनीअरही रांगेत असत. ते परातीचा मोबाइलवर फोटो काढत, एवढाच फरक.

महाराजांचं तोंड हातांहून जोरात चाले. "कावीळ ही आगंतुक पाहुणी. डॉक्टर तिला औषधपाणी करतात, म्हणून ती मुक्काम ठोकते. मी तिला दार दाखवतो." त्यावर माना डोलत.

मी त्या रांगेत उभी होते ती रियासाठी. रिया अकरा वर्षांची. तिची आई रंजिता माझी जुनी विद्यार्थिनी. रियाची कावीळ हटेना म्हणून मुंबईत तपासण्या झाल्या, तेव्हा विल्सन नावाचा दुर्मीळ आजार निघाला. अन्नातलं जादा तांबं या मुलांच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते लिव्हरमध्ये आणि पुढे मेंदूत साठत जातं. गोळ्या जन्मभर घेतल्या तर मूल शाळेत जातं, मोठं होतं. सोडल्या तर जिवावर बेततं.

गोळ्या सुरूही झाल्या होत्या. पण रियाच्या वडिलांनी, निकेशने, रिपोर्ट वाचला. रक्तात तांबं कमी, असं त्यावर छापलेलं. महाराजांनीही तो कागद चष्म्याशिवाय वाचला आणि निकाल दिला: गोळ्या बंद, तांब्याच्या गडूत रात्रभर ठेवलेलं पाणी दिवसातून तीनदा. तीन आठवड्यांत रियाचा उजवा हात कापू लागला. पेन धरता येईना.

मी निकेशला पुन्हा पुन्हा समजावलं, की रक्तात तांबं कमी दिसतं, कारण ते लिव्हरमध्ये जाऊन बसलंय. त्याला पटेना.

"बाई, डाक्टर चुकंल, कागद कसा चुकंल? आनि पिवला पानी निंगला तो आमी डोल्यांनी बगला."

डोळ्यांनी तर मीही पाहिलं होतं, सातव्या वर्षी. मला कावीळ झाली, तेव्हा कृष्णाबाई नावाची म्हातारी हात धुवायला घरी येई. फार मायाळू. तिच्या पदराला आंब्याच्या झाडाच्या सालीचा तुरट वास असे. पाणी पिवळं झालं, तीन आठवड्यांत मी चिंचा पाडायला झाडावर, आणि आई जन्मभर तिचे गुण गात राहिली. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना कळलं, की साधी कावीळ बहुतेकदा आपली आपणच बरी होते. कृष्णाबाई आली नसती तरी चिंचा वाचल्या नसत्या. रियाची कावीळ मात्र तसली नव्हती.

आणि आता निकेश आणि रियासोबत मी रांगेत पुढे सरकले, तसा महाराजांच्या फडक्याला मला तोच तुरट वास आला.

आमची पाळी आली. मी म्हटलं, आधी माझे हात धुवा. पाणी पिवळं.

"आजी, तुमच्यातही मुरलीय. तुम्हाला पत्ताच नाही."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी बरंच काही मुरलेलं असतं," मी म्हटलं आणि निकेशच्या पिशवीतला तांब्याचा गडू पुढे केला. "आता याला धुवा."

"भांड्याला कधी कावीळ होते का?"

"मग पाणी स्वच्छ पडेल. बघू या."

ते काही बोलायच्या आत मी त्यांचंच फडकं गडूवरून फिरवलं आणि निवळी ओतली. परातीत पिवळा ओघळ उतरला. मागून एक कोळीण म्हणाली, "अगो बाय, याला तेलकट नका देव." रांग खो खो हसली. महाराज म्हणाले, घरातली कावीळ भांड्यात उतरते.

निकेश हसला नाही. त्याने निवळीचं भांडं उचललं, फडक्याला हात न लावता रियाचे दोन्ही हात परातीवर धरले आणि निवळी ओतली. तिचे डोळे पिवळे, बोटं कापत होती. आणि पाणी पडलं ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ.

"मंग त्या दिवशी माजे पोरीचे हातातशी काय निंगला?"

"आंब्याच्या सालीचा रस. फडकं त्यात भिजवलेलं आहे. चुना लागला की तो पिवळा होतो, मग खाली हात असो वा गडू. रियाची कावीळ तिच्या पोटातच आहे, निकेश. आणि तू तिला रोज तांबं पाजतोयस."

त्याने निवळीचं भांडं खाली ठेवलं. मग अकरा वर्षांच्या पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ रिक्षाकडे चालू लागला. त्याच दिवशी मुंबईत गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हात स्थिर व्हायला सात महिने लागले. महाराजांच्या रांगेत पुढच्या रविवारीही माणसं होती, फक्त जरा कमी.

म्हणून सांगते. कावीळ झाली तर रक्त तपासा, कारण शोधा, आणि रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर तो निरोगी माणसावर करायला सांगा, दगडधोंड्यावर करून पाहा. जो करून पाहू देत नाही, त्याच्या हातात आपलं मूल देऊ नका.