बिनआकड्याची आत्या

आत्या दातांच्या कवळ्या करायची. शहरातल्या पाचसहा डॉक्टरांचं काम तिच्याकडे यायचं. तिच्या कवळ्या लावून माणसं जेवायची, भांडायची, लग्नसमारंभात फोटोला हसायची, पण त्यांतल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. नाव तसं घरातही कुणी घेत नसे. खालच्या मजल्यावर थोरला दादा आणि वहिनी राहायचे, वरच्या मजल्यावर ती आणि तिचं काम. दादाची मुलगी बोलायला लागली तेव्हापासून दादा-वहिनींसकट सगळे तिला आत्याच म्हणत. मीटर बघायला येणारा माणूससुद्धा जिन्यातून ‘आत्या, वर येऊ का?’ असंच विचारायचा.

ही दादाची मुलगी, चिंगी, ज्या कंपनीत होती तिथं एक नवी ईमेल सेवा तयार होत होती. इंटरनेटवर पान उघडायचं की झालं, कॉम्प्युटरवर वेगळं काही टाकायला नको. सर्वांसाठी ती सुरू व्हायला अवकाश होता. त्याआधी मोजक्या लोकांना वापरायला देऊन कुठं काय अडतंय ते बघायचं ठरलं होतं. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक माणूस आणावं, आणि शक्यतो कॉम्प्युटरशी ज्याचं पटत नाही असं आणावं, असं साहेबांनी सांगितलं. चिंगीला फार विचार करावा लागला नाही.

आत्यानं आधी चक्क नकार दिला. पण चिंगीनं तिला कंडक्टरची आठवण करून दिली. झालं होतं असं, की एका डॉक्टरांनी फोनवर दातांच्या रंगाचा नंबर सांगितला, नेमका तेव्हाच रस्त्यावरून ट्रक गेला, आणि एका निवृत्त बस कंडक्टरच्या तोंडात सिनेमातल्या नटासारखे पांढरेशुभ्र दात बसले. कंडक्टर खूश होता, पण त्याची बायको डॉक्टरांना बोलून गेली होती. नंबर लिहून आला असता तर हे झालं नसतं, हे आत्याला पटलं. तिनं हाताला लागलेलं मेण पुसलं आणि खुर्ची ओढली.

“पत्ता काय हवा?” चिंगीनं विचारलं. “आत्ता सगळं रान मोकळं आहे. नंतर गर्दी झाली की साधं नाव मिळत नाही, मागं आकडे लावावे लागतात.”

“मग आत्या लिही की. माझ्या नावानं कोण हाक मारतंय?”

इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला दोन ए घालून, चिंगीनं तसं लिहिलं. यंत्रानं काही कुरकुर न करता ते मान्य केलं.

पुढचे काही महिने त्या पेटीत शुकशुकाट होता. चिंगी ऑफिसातून ‘पोचलं का’ एवढंच लिहायची आणि आत्या ‘पोचलं’ म्हणून कळवायची. पण काय अडतंय ते सांगायचं काम तिनं मनावर घेतलं. ‘पाठवा’ आणि ‘पुसा’ ही बटणं इतकी दाटीवाटीनं बसवली आहेत, की मध्ये फट ठेवायला कुणीतरी विसरलेलं दिसतं, आणि अशी कवळी मी दिली असती तर डॉक्टरांनी परत पाठवली असती, असं तिनं लिहिलं. ते पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. दोन दिवसांत बटणं लांब झाली, आणि साहेबांनी आत्याची तब्येत विचारली.

मग सेवा सगळ्यांना खुली झाली आणि आत्याच्या मागं पत्रांचा ससेमिरा लागला.

जगात आत्या काही कमी नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणींनी, किंवा त्यांच्या भाच्यांनी त्यांच्यासाठी, हाच पत्ता मागितला होता आणि तो गेलेला बघून मागं एक, सात, बावीस असे आकडे लावून घेतले होते. भाचरं मात्र घाईत आकडा विसरायची, आणि पत्र येऊन पडायचं बिनआकड्याच्या आत्याकडे. कुणी सकाळच्या गाडीनं पोचतोय, न्यायला ये म्हणायचं. कुणी स्वेटरचं माप पाठवायचं. एकानं नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे फोटो पाठवले आणि कुणावर गेलंय सांग, असं विचारलं.

आत्या प्रत्येकाला उत्तर द्यायची. मी तुमची आत्या नव्हे, आकडा तपासा, गाडी चुकवू नका. बाळाच्या बापाला तिनं लिहिलं, की कुणावर गेलंय ते मला कसं कळणार, पण हनुवटी चांगली आहे, दात सरळ येतील. सकाळचा चहा आणि कामाची सुरुवात यांच्यामधला वेळ आता ह्यातच जायचा, आणि वहिनी म्हणायची, की हिनं फुकटचं पोस्ट ऑफिस उघडलंय.

एके दिवशी एका मुलीचं पत्र आलं. तुम्ही मला ओळखत नाही, असं ती सुरुवातीलाच म्हणत होती. मी तुमच्या भावाची मुलगी. माझे बाबा फोटोग्राफर आहेत. माझ्या जन्माआधीपासून तुमचं आणि त्यांचं बोलणं नाही, आणि कारण घरात कुणी सांगत नाही. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. मी लिहितेय हे बाबांना माहीत नाही. तुम्ही याल का?

आत्यानं ते पत्र दोनदा वाचलं. पत्ता चुकलाय हे कळवणं भागच होतं, पण ते लिहिताना तिला अपराध्यासारखं वाटलं. मुलीचं उत्तर लगेच आलं. तिनं माफी मागितली होती. वडिलांच्या एका जुन्या शेजाऱ्यांना ती आत्या बसमध्ये भेटली होती आणि तिनं तोंडी पत्ता सांगितला होता. शेजाऱ्यांच्या लक्षात आत्या एवढंच राहिलं, आकडा बसमध्येच राहिला. आता राहू द्या, असं मुलीनं शेवटी लिहिलं होतं.

आत्याला ते राहू देववेना. संध्याकाळी चिंगी ऑफिसातून आली तशी तिला जिन्यातच गाठलं. तुमच्याकडे सगळ्यांचे पत्ते असतील, त्यातून फोटोग्राफरची बहीण शोधून दे, असं ती म्हणाली.

चिंगीनं मान हलवली. “आत्या, कुणाच्या पेटीत डोकावायला मला परवानगी नाही. उद्या तुझ्या पेटीत कुणी डोकावलं तर चालेल तुला?”

नाही चालणार, असं आत्यानं कबूल केलं. पण दार वाजवायला तर परवानगी लागत नाही, असं म्हणून ती वर गेली.

तिनं एकपासून सुरुवात केली. आत्या एक, आत्या दोन, आत्या तीन, अशा ओळीनं सगळ्यांना एकच मजकूर पाठवायचा: ‘तुमचे भाऊ फोटोग्राफर आहेत का? असल्यास तुमच्यासाठी एक चांगला निरोप आहे.’ लग्नाचा उल्लेख तिनं मुद्दाम टाळला. ते सांगणं त्या मुलीचं होतं.

उत्तरं यायला लागली. एकीनं लिहिलं, भाऊ नाही, पण दीर बरे फोटो काढतात, चालतील का? एका पत्त्यावर आत्या नव्हतीच, खेळण्यांचं दुकान होतं, आणि दुकानदारानं नव्या मालाची यादी धाडली. एकीचा भाऊ वकील होता. त्यानं तिला आजवर कसं कसं छळलं ते तिनं इतकं सविस्तर लिहिलं, की आत्याला त्या दिवशी एक कवळी उशिरा द्यावी लागली. आणि मग एकोणीस नंबरच्या आत्याकडून एवढंच आलं: ‘निरोप कुणाचा? आधी तुम्ही कोण ते सांगा.’

हीच ती, असं आत्यानं ओळखलं. तिनं मुलीला विचारून तिचं पत्र पुढं पाठवलं आणि आपण कोण, हे प्रकरण आपल्याकडे कसं आलं, तेही लिहिलं. बरेच दिवस काही आलं नाही. आत्या काम करता करता मध्येच उठून पेटी बघायची. वहिनीनं विचारलं, की लग्न नक्की कुणाचं आहे.

शेवटी उत्तर आलं, तेही रुक्ष. पत्र वाचलं. मुलीला माझे आशीर्वाद कळवा. दादानं बोलावलं असतं तर आले असते.

आत्यानं खुर्चीत बसून एका दमात उत्तर लिहिलं आणि परत न वाचता पाठवून दिलं.

‘बोलावलंय भाचीनं, तर जायचंही भाचीकडे. दादाचा प्रश्न येतोच कुठं? आणि एक विचारते, राग मानू नका. मला आत्या म्हणून हाक मारणारी माणसं घरभर आहेत, म्हणून मी हा पत्ता घेतला. तुम्हाला तर ह्या मुलीनं एकदाही हाक मारलेली नाही. तरी तुम्ही आत्याच का लिहिलंत?’

ह्याला उत्तर आलं नाही. आपण जरा जास्तच बोललो, अशी रुखरुख तिला लागून राहिली. तिनं मुलीला खरं तेच कळवलं, की निरोप पोचला आहे, पुढचं माझ्या हातात नाही.

लग्न होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याकडे फोन वाजला. नंबर तिनं पत्राखाली रोजच्या सवयीनं लिहिला होता, डॉक्टरांना लिहायची तसा. पलीकडून खणखणीत आवाज आला.

“मी एकोणीस नंबर बोलतेय.”

ती लग्नाला गेली होती. गेटपाशी येऊन दोनदा परतही फिरली होती. मग तिनं स्वतःलाच दम भरला. ती गाडी चालवायला शिकवायची, आणि ऐन चौकात ब्रेक मारणाऱ्यांना ती रोज झापायची. आत गेली तर मुलीनं तिला कुणी न सांगता ओळखलं. दोघींचं नाक एकच होतं. मुलगी सगळ्यांसमोर ‘आत्या’ म्हणाली.

भांडण कशावरून होतं, ते आत्यानं विचारलं नव्हतं, पण एकोणीस नंबरनं आपणहून सांगितलं. तिच्या लग्नात तिच्या दादानं कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. दिवसभर घामाघूम होऊन त्यानं फोटो काढले आणि रोल कॅमेऱ्यात सरकलाच नव्हता. एकही फोटो आला नाही. ती त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलली, तो उलट बोलला, आणि तेव्हापासून अबोला.

“मग काल काय म्हणाले?” आत्यानं विचारलं.

“आधी जेवलीस का म्हणाला. मी नाही म्हटलं. मग मला भिंतीशी उभी केली, एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा दाखवून म्हणाला, बघ, आलाय.”

दोघी फोनवर बराच वेळ हसल्या. इतक्या, की काय झालं ते बघायला दादा खालून वर आला आणि आत्यानं त्याला हातानंच परत पाठवला.

फोन ठेवायच्या आधी एकोणीस नंबरनं विचारलं, की तुम्हाला गाडी येते का. आत्या म्हणाली, छे, या वयात कुठली गाडी. या वयातल्याच माझ्याकडे जास्त येतात, असं उत्तर मिळालं. रविवार मोकळा आहे का?

रविवारी चिंगी, दादा आणि वहिनी गॅलरीत उभे राहिले. शिकवणीची गाडी दारात आली. आत्या चष्मा पुसून स्टिअरिंगमागं बसली. गाडी एकदा उडी मारून बंद पडली, दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली, आणि तिसऱ्या वेळी बैलगाडीच्या वेगानं, पण न थांबता, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. वळणावर आत्यानं हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं, तरी वाजवला.