टाचणीची बारा साधी रोपं

अंगानं टाचणीसारखी, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. दहा दिवस तिच्या पायाला भिंगरी लागली होती. काचघरात जायची, पानं उलटून बघायची, बाहेर येऊन चप्पल घालायची, की पुन्हा आत. का? तर टोमॅटोची रोपं आजारी पडत नव्हती!

तीन वर्षं खपून तिनं बारा रोपं घडवली होती. विषाणूच्या जनुकीय मजकुराचा एक तुकडा त्यांच्या पोटात ठेवून दिलेला. खरा विषाणू शिरला, की रोप तो मजकूर ओळखणार आणि कचाकचा कातरणार. विषाणूची बोलतीच बंद! पण हे पटवायचं, तर शेजारची बारा साधी रोपं आडवी पडायला हवीत ना? चोवीसही रोपांना रोगाचा रस चोळून दहा दिवस झाले, तरी तीही आपली हिरवीगार.

"आणखी दहा दिवस देते," प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं. "डाग दिसले नाहीत तर सगळं उपटायचं. तुझीसुद्धा."

माळीकाका पाईप गुंडाळत होते. म्हणाले, "रोगट पानाचा रस कसा चोळलात, दाखवा बघू."

तिनं रसात खरखरीत पूड मिसळली आणि पानावरून अलगद बोट फिरवलं.

"अहो बाई, हे चोळणं की गोंजारणं? पानाला ओरखडा नको? विषाणू काय दार वाजवून येणार?"

टाचणी ओशाळली. बी रुजल्यापासून वाढवलेली रोपं. हात उठतच नव्हता.

"द्या इकडे, मी चोळतो."

"नको! माझं मीच."

मन घट्ट करून तिनं चोवीसही रोपं चोळली, प्रत्येकाची माफी मागत.

मग काय विचारता! तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या चहात मीठ. पाचव्या दिवशी जेवताना सासूबाईंच्या गालावरचा तीळ बघून ओरडली, "डाग!" सासूबाईंनी दोन दिवस आरसा सोडला नाही.

नवव्या दिवशी सकाळी साध्या रोपांवर पिवळे चट्टे, कडा मुरडलेल्या. टाचणी उड्या मारतच बाहेर आली.

"पडली! बाराच्या बारा आजारी पडली!"

"अरेरे," दारावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. "घरचीच का?"

"घरचीच!" म्हणत ती परत आत पळाली. आपली रोपं बघायचीच राहिली होती.

अकरा हिरवीगार. बाराव्याच्या पानावर फिकट ठिपका. तिनं माळीकाकांना हाक मारली. माळीकाकांनी मान वाकवली, ओलं बोट फिरवलं, ठिपका पुसला गेला. चोळल्यावर धुवायची राहिलेली पूड.

"झालं समाधान?"

"झालं," टाचणी म्हणाली, आणि तेच पान पुन्हा एकदा उलटून बघितलं.