चौकटीतली बोटं

"सर, पान हाय, गोगलगाय हाय, कोळ्याचं जाळं बी हाय. पण बाईंचा चेहरा कुठंय?" नवीन जालन्यातल्या स्टुडिओत मच्छिंद्रने फोटोंचा गठ्ठा दुसऱ्यांदा चाळला.

देवानंद सरांनी आणखी एक पाकीट पुढे सरकवलं. उद्या त्यांच्या बायकोच्या, सत्यशीलाच्या पुण्यानुमोदनाचा विधी. बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला तिचा फोटो हवा होता. साध्या तापाने ती गेली. लग्नात फोटोवाला नव्हता, आणि नंतर घरात कॅमेरा असून सरांनी तिचा एकही फोटो काढला नव्हता.

सर कुंभार पिंपळगावला गणित शिकवत. फळ्यावर वर्तुळ काढलं की मुलं जांभया द्यायची. म्हणून सरांनी कॅमेरा घेतला. गोगलगाईच्या शंखाचं वळण, सीताफळाचे डोळे, सूर्यफुलात एकमेकींना छेदत जाणाऱ्या बियांच्या रांगा फोटोत दिसल्या, की तीच मुलं बोट ठेवून मोजायची, भांडायची. "सर, ह्या फुलाला कुणी शिकवलं?" असं विचारायची.

वाऱ्याने फूल हलू नये म्हणून सत्यशीला देठ धरून उभी राहायची.

"माझा बी काढा की एखादा," ती एकदा म्हणाली.

"पुढच्या रोलमध्ये."

"व्हय, मी काय सीताफळ थोडीच हाय!" ती हसली. देठ हलला म्हणून सर तिच्यावर ओरडले.

मच्छिंद्रने एक फोटो वेगळा काढला. "ह्यात बोटं तरी हायेत. हाच मोठा करू का, सर?"

"करा. जल्दी करा."

दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या लागल्या. सत्यशीलाची आई, दुर्गाबाई, चौकटीसमोर येऊन थांबल्या.

"हे काय लावलं, जावईबापू? माह्या लेकीचं तोंड कुठंय?"

"काढायचं राह्यलं, मामी."

"मंग इतकी वर्सं कुणाचे फोटो काढून राह्यलते?"

"फुलांचे."

दुर्गाबाई वाकल्या. भलंमोठं सूर्यफूल, बियांची रांग न् रांग स्पष्ट, आणि खाली देठाला धरलेली चार बोटं. त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

"पीठ हाय बोटाला," त्या म्हणाल्या. "भाकरी थापताना उठवलं व्हतं तुमी तिला."

"ऊन उतरत व्हतं, मामी."

दुर्गाबाई खाली बसल्या. पदराचं टोक मूर्तीपुढच्या पाण्यात भिजवून त्या काचेवरून ती बोटं पुसू लागल्या, एकेक करून.