आग्रही यजमानीण आणि दहावी पट्टी

या, पुढे सरकून बसा. मागे बसलं की अर्धी गोष्ट खांबच ऐकतो. आज एका डावाची गोष्ट सांगायची आहे. समोरच्याला भरभरून वाढून जिंकलेला डाव, ऐकला आहे कधी? मग ऐका.

ताकाओका शहरात घंटा ओतणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला हिसाए काकूंचं पत्त्यांचं दुकान आहे. दर मार्चला तिथे स्पर्धा होते. जिंकणाऱ्याचं नाव मात्र भिंतीवर लागत नाही, त्याच्या कॅटचं, म्हणजे त्याने स्वतः निवडून जमवलेल्या पत्त्यांच्या गड्डीचं लागतं. काकूंचं म्हणणं असं, की माणूस येतो नि जातो. डोकं लढवून बांधलेला कॅट लक्षात राहावा. ते नाव पितळी पट्टीवर कोरायचं काम ओरिएचं. ती घंटांच्या कारखान्यात कानस चालवायची. नऊ वर्षांत तिने नऊ पट्ट्या कोरल्या. तोकुझेन बुवांच्या कॅटची त्यात एकही नव्हती.

बुवा म्हणजे देवळात प्रवचन गाऊन सांगणारे. सूर चढवत न्यायचे आणि असे थांबायचे, की सभेतला खोकलासुद्धा थांबायचा. प्रवचन झालं की तोच काळा झगा सावरत दुकानात यायचे आणि कॉलेजच्या मुलांशी पत्ते कुटत बसायचे. ओरिएला खेळ त्यांनीच शिकवला. तीनदा ते अंतिम फेरीत पोचले आणि तिन्ही वेळा हरले. गेल्या डिसेंबरात ते गेले, त्यांचे चाळीस पत्ते ओरिएकडे आले. आणि एप्रिलपासून त्या जुन्या छापाचे पत्ते स्पर्धेतून बाद होणार होते. बुवांच्या कॅटचं नाव भिंतीवर लागायचं तर याच मार्चमध्ये, नाहीतर कधीच नाही.

थंडीभर ती तो कॅट मांडून बसली. खेळात प्रत्येकाला पाच प्राण. ते गेले की हार. पण आपल्या पाळीला उचलायला पत्ताच उरला नाही, तरीही हार. बुवा या दुसऱ्या वाटेने जात. नुसतं अडवत राहायचं आणि समोरच्याचे पत्ते संपायची वाट पाहायची. दर वेळी एका पाळीने कमी पडत. का, ते ओरिएला फेब्रुवारीत दिसलं. बुवांनी 'कमळतळं' हा लाडका पत्ता तीनदा घातला होता. तळं टाकलं की समोरच्याला पुढची एक पाळी मारता येत नाही. तळं वेळ देतं खरं, पण समोरच्याचे पत्ते काही लवकर संपवत नाही.

तिने हात जोडले, दोन तळी काढली आणि दुकानाच्या दारातल्या फुकट पेटीतून दोन 'आग्रही यजमानीण' उचलून घातल्या. ही यजमानीण समोरच्याला दोन पत्ते जादा उचलायला लावते.

"अगं, शत्रूला वाढतेस?" काकू हसल्या. "मुलं तो पत्ता पुस्तकात खूण म्हणून घालतात!"

"वाढते, काकू. नको नको म्हणेपर्यंत."

अर्जावर कॅटचं नाव तिने लिहिलं, 'तोकुझेन बुवा'. काकूंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि शिक्का मारला.

स्पर्धेच्या दिवशी जो तो 'आगीचे घोडे' घेऊन आला होता. आदल्या आठवड्यात राजधानीत तो कॅट जिंकला होता, तो सगळ्यांनी जसाच्या तसा उतरवून आणलेला. घोडा मारतो आणि दर वेळी मारणाऱ्याला आणखी एक पत्ता उचलायला लावतो. ओरिएला हेच हवं होतं. एकेक घोडेस्वार आपल्याच हाताने आपला कॅट संपवून उठला.

अंतिम फेरीत समोर काझामा, गेल्या दोन्ही वर्षांचा विजेता. दोघांनी वाकून नमस्कार केला.

"काय ताई, बुवांचं वर्षश्राद्ध आजच उरकताय?"

"हो ना. आलाच आहेस तर जेवून जा."

दुसऱ्याच पाळीला तिने पहिली यजमानीण टाकली. काझामाने दोन पत्ते उचलले. "फुकट? आणखी आहे का हो?"

"आहे की. पोटात जागा ठेव."

दुसरी तिच्या हातात होती, तरी तिने ती दाबून ठेवली. लवकर टाकली असती तर तो सावध झाला असता. बुवा म्हणायचे, "वरचा सूर आधीच लावलास, तर शेवटाला काय देशील?"

घोडे धावत राहिले. तिचे प्राण चारावर आले, मग दोनावर, मग एक उरला. काझामाची नजर तिच्या प्राणांवर, तिची त्याच्या कॅटवर. घंटेची जाडी नजरेने ओळखणारी बाई ती. तिला कळलं, तीन पत्ते उरलेत. आत्ता यजमानीण टाकली तर एक उरतो, आणि त्या एकाच्या जोरावर तो मारतो. तिने कमळतळं टाकलं.

"झालं? बुवाही इथेच येऊन थांबायचे," काझामा म्हणाला आणि त्याने पत्ता उचलला. मारता येत नव्हतं. कॅटमध्ये दोन राहिले.

ओरिएने यजमानीण त्याच्यापुढे ठेवली. "घे रे, संकोच करू नकोस."

त्याने हसत दोन पत्ते घेतले, हातात पसरले. तिने आपली पाळी संपवली.

"चला, आता शेवटचा फटका!" त्याने हात पुढे केला. बोटं टेबलाला लागली. तिथे पत्ताच नव्हता.

काझामाने रिकाम्या जागेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कपाळ टेबलाला टेकेल इतका वाकला. "हरलो, ताई. जेवण फार झालं."

मग जो गलका झाला! काकूंनी गल्ल्याजवळची घंटा इतकी बडवली, की समोरचा मासेवाला सुरीसकट धावत आला. काझामा मात्र यजमानिणीचा पत्ता हातात घेऊन बसून राहिला होता. "माझ्याकडे असे चार आहेत हो. चहाच्या कपाखाली घालतो मी!"

सकाळी ओरिएने दहावी पट्टी कोरली. शेवटचं अक्षर झाल्यावर तिने ती बोटाने टिचकावली आणि नाद पुरता विरेपर्यंत तशीच उभी राहिली. तिचं स्वतःचं नाव त्या भिंतीवर कुठेच नाही, आणि त्याचं तिला काही वाटत नाही.

ताकाओका इथून लांब आहे, पट्टी पाहायला तुम्ही कुठे जाणार? एवढंच करा. कुणी आग्रह करून पानात वाढलं, की एक घास तोकुझेन बुवांच्या आठवणीने घ्या.