केसरच्या बोटातली मी

मित्रांनो, मी एक जुनी श्वान पेशी आहे; कुत्र्याशी संबंध नाही, श्वान नावाच्या शास्त्रज्ञावरून पडलेलं हे नाव. डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान, त्यामुळे तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल तर मी रागावणार नाही. थळच्या केसर कोळिणीच्या उजव्या तर्जनीच्या टोकाशी माझं घर आहे. तिथे स्पर्शाची खबर मेंदूकडे नेणारा एक बारीक तंतू असतो. विजेच्या तारेला असतं तसं वेष्टन त्याच्याभोवती गुंडाळून बसायचं, हे माझं काम. कान मला नाहीत, पण बाईच्या हातात राहिलं की घरातलं सगळं कळतं!

आमचं बोट बाजारात मानाचं होतं. केसर सुरमईच्या पाठीवर ते जरासं दाबायची आणि मासा आजचा की कालचा, ते लगेच सांगायची. शेजारच्या कोळिणीसुद्धा आपला मासा तिच्यापुढे धरायच्या. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी घोळ मासा कापताना कोयता निसटला आणि बोटाच्या मुळाशी तळहातात खोल रुतला. अलिबागच्या डॉक्टरांनी तुटलेली नस शिवली आणि बजावलं, की जाणीव परत यायला काही महिने लागतील, तोवर बोटाला आग आणि बर्फ दोन्हींपासून जपायचं.

"पन मासा कळंल ना पुन्हा?" केसरने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जपलंत तर आशा आहे."

इकडे जखमेच्या पुढचा तंतू मेला होता. लगेच रोगप्रतिकार यंत्रणेचे निरोप आले. हे निरोप म्हणजे इवले रेणू, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांचं सांगणं स्पष्ट होतं: तंतू गेला, आता काम बदला. जन्मभर जपलेलं वेष्टन मी माझ्याच हातांनी मोडलं आणि गिळलं. फार वाईट वाटलं हो! मग मीही तसलेच निरोप सोडून रक्तातल्या भक्षक पेशींना बोलावलं. त्या धटिंगण बायांनी उरलेला कचरा फस्त केला.

कचरा संपत आला की वेगळे निरोप येतात, 'पुरे आता, शांत व्हा' असे. ते नीट पोचले नाहीत तर दाह पेटलेलाच राहतो आणि आमच्यासारख्या कामाच्या पेशीही त्यात भरडल्या जातात. आमच्याकडे ते वेळेवर पोचले. जखमेच्या मागून फुटणाऱ्या नव्या तंतूला वाट दाखवायला आम्ही सगळ्याजणी रांगेत उभ्या राहिलो. तो दिवसाला फार तर मोहरीच्या दाण्याएवढा पुढे सरकतो. आणि वाट पाहण्याची आमची ताकदही कायम टिकत नाही.

आता आमच्या केसरची अक्कल ऐका. टाके सुटल्यावर ती बाजारात बसली, बर्फाच्या टबात हात घातला आणि तिच्या लक्षात आलं, की या बोटाला गार लागतच नाही.

"बरंच झालं की!" ती हसली. "बर्फाचं काम आता या हातालाच."

रोज सकाळी ती आम्हाला बर्फात बुडवून ठेवू लागली. माझ्या शेजारणी मरू लागल्या. शांत झालेला दाह पुन्हा उसळला, धोक्याचे निरोप थांबेनात. तंतू अर्ध्या वाटेवर आला होता आणि मला वाटलं, तो पोचेल तेव्हा इथे कुणीच उरलेलं नसेल. मी घाबरले होते. पण ओरडणार कशी? ओरडायची तारच तुटलेली होती.

सुनेनं, पूनमनं, ते पाहिलं. "आई, बोट बघा! पांढरंफटक पडलंय, फोड आलाय. कळलं न्हाय तुम्हाला?"

"कळलं असतं तं ठेवलं असतं का?" केसर पुटपुटली. तिचा चेहरा पडला होता.

"आजपासून बर्फ मी बघीन. तुम्ही नुसतं गिऱ्हाईक बोलवा."

केसर रुसली, चिडली, पण हात मांडीवर ठेवून बसली. हळूहळू दाह निवला. आम्ही उरलेल्यांनी पुन्हा रांग धरली. एका दुपारी तो नवा तंतू खरंच माझ्यापाशी पोचला, आणि मी त्याला नवं वेष्टन गुंडाळायला घेतलं. पहिल्यासारखं जाड ते होणार नाही, पण माझं आहे!

मित्रांनो, दुखतं तिथे आपण सगळेच फुंकर घालतो. जिथे काहीच लागत नाही, त्या जागेला तुमच्या मायेची जास्त गरज असते. तेवढी माया आमच्यावर ठेवा.

परवा पूनम तिच्या बोटाला मलम लावत होती.  केसरने सुनेचा हात उलटा केला आणि तळव्यावरून आमचं बोट सावकाश फिरवलं. बर्फानं तिथली कातडी तडकली होती, भेगा पडल्या होत्या. मी प्रत्येक भेगेची खबर वर धाडली.

"पूनम," केसर म्हणाली, "किती खरबरीत झाला गं तुझा हात."